हात गेल्यावर कोणता पगार मोजायचा?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि तेव्हापासून आमच्याकडे कोल्हापूरच्या कारखान्यांच्या वसाहतींत, उद्यमनगरात, शिरोलीत, गोकुळ शिरगावात चार माणसं चहाला जमली की हाच वाद पेटतो. एक बाजू म्हणते, आता कामगार संपला. दुसरी म्हणते, २९ कायद्यांच्या जागी चार संहिता आल्या, कारखानदारामागची कटकट गेली, आता कामं येतील, पोरांना नोकऱ्या लागतील. दोन्हीकडची माणसं माझ्या ओळखीची आहेत आणि दोघांचीही तळमळ खरी आहे. पण तासभर ऐकत बसलं तरी एक गोष्ट कुणाच्या तोंडून निघत नाही. कामावर बोटं गेली, डोळा गेला, माणूसच गेला, तर घरात पैसे किती येणार, कुणाकडून येणार आणि कधी येणार? १९२३ चा नुकसानभरपाईचा कायदा आता स्वतंत्र उरलेला नाही. सामाजिक सुरक्षा संहितेचं ते सातवं प्रकरण झालं आहे. त्यात काय बदललं आणि काय तसंच ठेवलं हे वाचून मग भांडणारा माणूस मला अजून भेटायचा आहे.

माझं म्हणणं आधीच सांगतो. भरपाईचा कायदा कडक की सैल, हा वाद नंतरचा. आधी दोन प्रश्नांची उत्तरं हवीत. हिशेबाला कामगाराचा कोणता पगार धरणार? आणि भरपाईचे पैसे अपघाताच्या आधीच कुठेतरी बाजूला काढलेले असणार, की अपघात झाल्यावर मालकाच्या खिशात हात घालून शोधायचे? पहिल्या बाबतीत जुना कायदा अपुरा होता आणि नव्या संहितेनं तो आणखी आखूड केला. दुसऱ्या बाबतीत शंभर वर्षांत कुणी हातच घातला नाही, संहितेनंही घातला नाही. या दोन दुखण्यांवर औषध नसेल तर बाकीचं भांडण जखमी माणसाच्या काही उपयोगाचं नाही.

शिरोलीच्या एका फाउंड्रीत मी १९ वर्षं हजेरी लिहिली, म्हणून हे बोलतो. माझ्या टेबलावर दोन वह्या असत. एक हजेरीपत्रक, जे बाहेरच्या साहेबाला दाखवायचं. दुसरी एक लांबट, पुठ्ठ्याची वही, तिच्यात जादा तास. पहिल्या वहीतला पगार बँकेत जाई, दुसऱ्या वहीतला महिन्याच्या १२-१५ तारखेला पाकिटातून. ओतकामाचा दिवस असला की भट्टी तापल्यावर कुणी घड्याळ बघत नाही. धातू पातळ झाला की तो साच्यात गेलाच पाहिजे. त्यामुळे मोल्डिंगच्या (साचे बनवणाऱ्या) आणि फेटलिंगच्या (ओतलेला माल घासून साफ करणाऱ्या) बहुतेक माणसांचा संसार दुसऱ्या वहीवर चालायचा. पोराची फी, गाडीचा हप्ता, म्हाताऱ्याची औषधं, सगळं त्या पाकिटातून. एका रात्री दहाच्या पुढं वाळूच्या मिक्सरच्या पट्ट्यात एकाचा उजवा हात गेला. पट्ट्यावरचं संरक्षक जाळीचं झाकण दोन महिने काढून ठेवलेलं होतं, कारण ते असलं की सांडलेली वाळू काढायला वेळ लागायचा. तीन बोटं तिथंच गेली. त्याला गाडीत घालून दवाखान्यात नेलं, आणि तासाभरात मला निरोप आला की हजेरीत त्याची सुट्टी रात्री आठला झाली असं लिहा. मी लिहिलं. दवाखान्याच्या कागदावर ‘घरी काम करताना’ असं लागलं. दवाखान्याचं बिल कारखान्यानं भरलं, वर काही रक्कम दिली आणि बरा झाल्यावर गेटवर वॉचमन म्हणून उभं केलं. त्याची बायको माझ्यासमोर म्हणाली, “हात गेला त्यो गेला, नोकरी तेवढी जाऊ देऊ नकासा.” ज्या तासांना त्याची बोटं गेली ते तास कायद्याच्या लेखी कधी भरलेच नव्हते, आणि ते पुसणारा हात माझा होता.

आता हिशेब बघू. कायम आणि संपूर्ण अपंगत्व आलं तर मासिक वेतनाच्या ६० टक्क्यांना वयाप्रमाणे ठरलेल्या आकड्यानं गुणतात. मृत्यू झाला तर ५० टक्क्यांना. वयाच्या ३५ व्या वर्षासाठी तो आकडा १९७.०६ आहे. एका हाताची तीन बोटं गेली तर कमाईची क्षमता ३० टक्के गेली असं परिशिष्टात छापलेलं आहे. अंगठा गेला तरी ३० टक्केच, चारही बोटं गेली तर ५०. पण मासिक वेतन म्हणजे माणूस खरोखर जे मिळवतो ते नव्हे. सरकार अधिसूचनेनं एक मर्यादा ठरवतं आणि त्यावरचा पगार हिशेबात धरत नाहीत. २०१० पर्यंत ती मर्यादा ४,००० रुपये होती. २०१० मध्ये ८,००० झाली आणि जवळजवळ दहा वर्षं तिथंच थांबली. जानेवारी २०२० मध्ये १५,००० झाली. या १५,००० वर ३५ वर्षांच्या माणसाची तीन बोटं ५ लाख ३२ हजारांची होतात. जादा तास धरून तो २२,००० मिळवत असेल आणि ते सगळे मोजले, तर तीच बोटं ७ लाख ८० हजारांची होतात. मृत्यू झाला तर हा फरक आणखी मोठा: २५,००० कमावणारा ३५ वर्षांचा माणूस गेला तर मर्यादेमुळे घराला १४ लाख ७८ हजारांच्या आसपास मिळतात, खऱ्या पगारावर ते २४ लाख ६३ हजार झाले असते. दहा लाखांच्या आसपासचा हा फरक कोण भरतं? विधवा भरते. दुसरं कुणी नाही.

संहितेनं इथं काय केलं? जुन्या कायद्यातली वेतनाची व्याख्या तशी मोकळी होती. पैशात मोजता येईल असा कोणताही लाभ वेतन धरायचा, प्रवासभत्ता, भविष्यनिर्वाह निधीतला मालकाचा वाटा आणि कामासाठीचा खास खर्च तेवढा वगळून. नव्या व्याख्येत मूळ वेतन, महागाई भत्ता आणि धारणभत्ता (काम बंद असतानाही माणूस टिकवून ठेवण्यासाठी दिलेला) एवढंच वेतन. घरभाडं, कमिशन, बोनस आणि ओव्हरटाइम वगळलेल्यांच्या यादीत. या वगळलेल्या रकमा एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाल्या तर वरचा भाग वेतनात धरायचा, अशी तरतूद आहे. तिचा उपयोग आहे, हे कबूल करायला हवं. मूळ वेतन दोन-तीन हजार दाखवून बाकी सगळं भत्त्यात घालायची जी लबाडी चालायची तिला तिनं लगाम बसतो आणि निधी, ग्रॅच्युइटी यांत कामगाराला फायदा होतो. पण भरपाईच्या बाबतीत निम्म्यापर्यंतची कमाई हिशेबातून काढायची वाट आता कायद्यानंच दिली आहे. माझी दुसरी वही बेकायदा होती. आता तिच्यातले तास कागदावर आले तरी नव्या व्याख्येनं भरपाईच्या गणितात ते बाहेरच राहू शकतात.

त्यातच सप्टेंबर २०२५ मध्ये राज्याच्या मंत्रिमंडळानं कारखान्यातल्या कामाची दिवसाची मर्यादा ९ तासांवरून १२ करायला आणि तिमाहीतला ओव्हरटाइम ११५ तासांवरून १४४ पर्यंत न्यायला मंजुरी दिली. कामगाराची लेखी संमती हवी, अशी अट आहे. ज्यानं भट्टीसमोर दहावा तास काढला आहे त्याला विचारा, हात कधी चुकतो. सकाळच्या पहिल्या तासाला चुकत नाही. डोळे चुरचुरायला लागतात, घामानं हातमोजा निसटतो, पाठीमागून कुणी हाक मारली तरी उशिरा ऐकू येते, तेव्हा चुकतो. अपघाताची शक्यता ज्या तासांनी वाढवायची त्याच तासांचा मोबदला भरपाईच्या हिशेबातून वजा करायचा, हा कुठला न्याय?

आता समोरच्या बाजूचं सगळ्यात वजनदार म्हणणं. उद्यमनगरातला दहा-बारा माणसांचा वर्कशॉपवाला म्हणजे कुणी मोठा भांडवलदार नव्हे. त्यातले कितीतरी स्वतः लेथवर उभे राहून वर आलेले आहेत. मोठ्या कंपनीकडून किलोवर भाव ठरवून येतो, पैसे तीन-तीन महिन्यांनी येतात, विजेचं बिल मात्र दर महिन्याला भरावंच लागतं. अशा माणसाच्या कारखान्यात एक मृत्यू झाला आणि १५ लाख एकदम भरायची वेळ आली तर तो कारखाना बंद पडतो आणि उरलेल्या अकरा जणांची चूल विझते. भरपाई वाढवा म्हणणाऱ्यांनी या अकरा जणांना काय सांगायचं? हा प्रश्न मी टाळणार नाही, कारण तो खरा आहे. माझ्या ओळखीच्या एका मालकानं असा प्रसंग आल्यावर घर गहाण ठेवलं होतं.

पण या प्रश्नाचं उत्तर भरपाई कमी करणं हे कसं होईल? छोट्या मालकाला १५ लाख जड जातात तसे पाच लाखही जडच जातात. एकट्याच्या छातीवर धोंडा ठेवायचा ठरवलाच तर तो किती किलोचा, यावर घासाघीस करत बसायचं का? उत्तर विम्याचं आहे, आणि तो सक्तीचा हवा. या रस्त्यावर साधी मोपेड काढायची तरी तृतीय पक्षाचा विमा लागतो; नसेल तर पोलीस अडवतो. का? कारण धडक बसलेल्या माणसाची भरपाई धडक देणाऱ्याच्या ऐपतीवर सोडता येत नाही, हे आपण कधीच मान्य केलं आहे. मग ६० टनांचा पॉवर प्रेस चालू करताना तेच तत्त्व का नको? १९२३ च्या कायद्यानं मालकावर जबाबदारी टाकली, पण ती पेलण्यासाठी विमा काढलाच पाहिजे असं कधी म्हटलं नाही. नव्या संहितेत ग्रॅच्युइटीच्या देण्यासाठी मालकाला विम्याची सक्ती करायची तरतूद आहे. कामगार सुखरूप निवृत्त झाला तर पैसे बुडू नयेत ही काळजी घेतली, आणि तो मशिनखाली गेला तर पैसे बुडू नयेत ही काळजी मात्र राहून गेली. ही उणीव भरायला मोठी क्रांती लागत नाही. ग्रॅच्युइटीसाठी जे कलम लिहिलं त्याच धर्तीवर आणखी एक लिहायचं आहे.

शिवाय सगळ्यांनी मिळून भार उचलायचा ही गोष्ट कोल्हापूरला कुणी शिकवायची गरज आहे का? एकट्याच्या दोन म्हशींच्या दुधाला बाजारात कुणी विचारत नव्हतं, म्हणून गावोगाव दूधसंस्था उभ्या राहिल्या. एकट्याच्या दोन एकर उसाला भाव नव्हता, म्हणून सहकारी साखर कारखाने निघाले. १९६९ चा माथाडी कायदा तर आपल्याच राज्याचा. हमालाला एक मालक नसतो, सकाळी एका गाळ्यावर पोतं उचलतो, दुपारी दुसऱ्या. म्हणून मालकांनी मजुरीसोबत ठरावीक लेव्ही मंडळात भरायची आणि मंडळानं हमालाचं हित बघायचं अशी रचना केली. अण्णासाहेब पाटलांनी ती लढून मिळवली. मंडळांच्या कारभारात दोष आहेत, ते मी नाकारत नाही. पण अंगमेहनतीच्या माणसाच्या वाट्याचे पैसे आधीच बाजूला काढता येतात, हे या कायद्यानं दाखवून दिलं. आणि जर्मनीनं तर १८८४ मध्येच अपघात विम्याचा कायदा करून कारखानदारांच्या धंदेवार मंडळांना सक्तीनं एकत्र आणलं होतं. वर्गणी सगळी मालकांची. आपल्याच धंद्यातल्या अपघाताचे पैसे सगळ्यांना भरावे लागतात म्हटल्यावर, शेजारच्या कारखान्यातलं जाळीचं झाकण जागेवर आहे का हे बघण्यात प्रत्येकाचा स्वार्थ आला. ‘विमा असला की मालक बेफिकीर होईल’ म्हणणाऱ्यांना माझं हेच उत्तर आहे. ज्याच्याकडे अपघात जास्त त्याचा हप्ता जास्त ठेवा, आणि भरपाई रखडवल्याबद्दलचा दंड त्याच्याच खिशातून जाऊ द्या.

हीच व्यवस्था आपल्याकडे अर्धीमुर्धी आहेही. कर्मचारी राज्य विमा, म्हणजे ईएसआय. मालकाचे ३.२५ टक्के, कामगाराचे ०.७५ टक्के दर महिन्याला जातात आणि अपघात झाला तर पैसे मालकाकडून नव्हे, महामंडळाकडून येतात. कायम अपंगत्व असेल तर जन्मभर, मृत्यू झाला तर विधवेला महिन्याच्या महिन्याला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना, १९४४ च्या अडारकर अहवालातून याची आखणी झाली आणि १९४८ मध्ये कायदा झाला. दवाखान्यांबद्दल तक्रारी ढीगभर आहेत, पण अपघाताच्या बाबतीत याहून चांगली सोय या देशात नाही. अडचण तिच्या कुंपणाची आहे. दहापेक्षा कमी माणसांचा कारखाना साधारणपणे बाहेर, आणि जिथं योजना लागू आहे तिथंही महिन्याला २१,००० च्या वर वेतन गेलेला माणूस बाहेर. ही २१,००० ची रेघ जानेवारी २०१७ पासून तिथंच आहे. म्हणजे २०,५०० कमावणाऱ्या मोल्डरला हजार रुपयांची वाढ मिळाली की तो ईएसआयच्या छत्रीतून बाहेर पडतो आणि नुकसानभरपाईच्या कायद्याखाली येतो, जिथं त्याचा पगार १५,००० च धरायचा. बढतीचे पेढे वाटणाऱ्या माणसाला त्या दिवशी हे कोण सांगतं?

दुसरा आक्षेप कामगाराच्या निष्काळजीपणाचा. “गार्ड आम्ही बसवून देतो, हेच काढून टाकतात. हेल्मेट देतो, घालत नाहीत. मग भरपाई का द्यायची?” हे बोलणारे सगळेच खोटं बोलत नाहीत. गार्ड काढणारे कामगार मी पाहिले आहेत, दारू पिऊन पाळीला आलेलेही पाहिले आहेत. जुन्या कायद्यानंही त्याचा विचार केला होता: नशेत असताना किंवा सुरक्षेचं साधन जाणूनबुजून काढल्यामुळं जखम झाली तर मालकावर जबाबदारी नाही. पण त्याला एक अपवाद ठेवला. मृत्यू झाला किंवा कायमचं संपूर्ण अपंगत्व आलं तर ही सबब चालणार नाही. कायदा घडवणाऱ्यांना इतकं कळलं होतं की नवऱ्याच्या चुकीची शिक्षा बायकापोरांना द्यायची नसते. आणि गार्ड कोण काढतं एवढ्यावरच का थांबायचं? नगावर मजुरी लावली, तासाला नगांचा आकडा ठरवून दिला आणि गार्डसकट तो आकडा निघत नसेल, तर गार्ड काढायचा हुकूम कोणी तोंडानं देण्याची गरज उरते का? आमच्याकडचं झाकण दोन महिने भिंतीला टेकून होतं. रोज त्याच्यासमोरून सगळे जात-येत होते, मीही.

शिवाय हा कायदा मुळात एका देवाणघेवाणीवर उभा आहे, ती आज दोन्ही बाजू विसरल्या आहेत. चूक कुणाची हे कामगारानं सिद्ध करायची गरज नाही. काम करताना, कामामुळं जखम झाली एवढं पुरे. बदल्यात मालकाला दिवाणी दाव्यातल्या पूर्ण नुकसानभरपाईतून सुटका मिळते, ठरलेल्या कोष्टकाप्रमाणे ठरलेली रक्कम. वेदना, बिघडलेलं आयुष्य, मोडलेलं लग्न, यांचा त्या कोष्टकात एक पैसाही नाही. म्हणजे कामगारानं सवलत आधीच दिलेली आहे. त्या सवलतीच्या दरावर पुन्हा पगाराची मर्यादा आणि पुन्हा ओव्हरटाइमची वजाबाकी लावायची, हे ठरल्या सौद्यात बसत नाही.

तिसरं म्हणणं संहितेच्या समर्थकांचं, आणि त्यात तथ्य आहे. घरून कामावर जाताना किंवा कामावरून घरी येताना झालेला अपघात आता कामावरचाच धरायचा, असं संहितेत स्पष्ट लिहिलं आहे. रात्रपाळी सुटल्यावर महामार्गावरून दुचाकीनं गावाकडं जाणारी माणसं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना याची किंमत कळेल. चारपैकी दुसऱ्या एका, कामाच्या जागच्या सुरक्षेच्या संहितेनं प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र सक्तीचं केलं, हे तर मला सगळ्यात मोठं पाऊल वाटतं. भरपाईच्या निम्म्या लढाया ‘हा माणूस आमच्याकडे नव्हताच’ या एका वाक्यावर हरल्या जातात. कारखान्यातल्या मृत्यूबद्दल किंवा गंभीर जखमेबद्दल मालकाला दंड झाला तर त्यातली निदान अर्धी रक्कम त्या कुटुंबाला द्यायचा आदेश न्यायालय देऊ शकतं, हीही चांगली सोय आहे. ज्यांना संहितेत फक्त अंधार दिसतो त्यांनी ही कलमं वाचावीत. कामाच्या जागच्या सुरक्षेच्या त्याच संहितेनं विजेवर चालणाऱ्या कारखान्याची व्याख्या १० कामगारांवरून २० वर नेली, हेही मग समर्थकांनी वाचावं. भरपाईच्या हक्काला माणसांच्या संख्येची अट नाही, पण कारखाना म्हणून तपासणी आणि अपघाताची नोंद यांना आहे. इचलकरंजीत यंत्रमागाच्या एकेका शेडमध्ये किती माणसं असतात? नोंदच झाली नाही तर हक्क कशाच्या आधारानं मागायचा?

आणि येण्याजाण्यातल्या अपघाताच्या त्या चांगल्या कलमामागची कहाणीही ऐका. महाराष्ट्रातल्या एका साखर कारखान्याचा वॉचमन एप्रिल २००३ मध्ये पहाटेच्या पाळीला मोटारसायकलवरून निघाला आणि कारखान्यापासून काही किलोमीटरवर अपघातात गेला. खालच्या प्राधिकाऱ्यानं भरपाई दिली, उच्च न्यायालयानं ती काढून घेतली, आणि सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२५ मध्ये ती परत दिली. २२ वर्षं! ज्या पोराचं शिक्षण त्या पैशातून व्हायचं ते पोर तोवर स्वतः बाप झालं असेल. जुन्या कायद्यात दिरंगाईला १२ टक्के व्याज आणि ५० टक्क्यांपर्यंत दंड होता. दावा तीन महिन्यांत निकाली काढावा असंही २००९ च्या दुरुस्तीत लिहिलं होतं. लिहिलेलं होतंच. कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं खंडपीठ व्हावं म्हणून इथल्या वकिलांनी आणि लोकांनी किती वर्षं आंदोलन केलं! न्याय मुंबईइतका लांब नको, हे आपलं म्हणणं होतं, आणि १८ ऑगस्ट २०२५ ला इथं सर्किट बेंच सुरू झालं. अंतराबद्दल आपण जो आग्रह धरला तोच वेळेबद्दल का धरू नये? पैसे विमाकंपनीकडे किंवा निधीत आधीच जमा असतील तर पहिली रक्कम महिन्याभरात द्यायला अडचण राहत नाही. कमीजास्तीचं भांडण मग मागाहून चालू राहू दे.

ऊसतोडीचं तर वेगळंच लिहायला हवं, पण एक गोष्ट इथंच सांगतो. दसरा-दिवाळीच्या सुमाराला बीडकडून टोळ्या येतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. उचल नवऱ्याच्या नावावर, टनाचा हिशेब मुकादमाच्या वहीत नवऱ्याच्या नावावर. बाईनं पहाटे फडात जाऊन तितकाच ऊस तोडलेला असतो, मोळ्या डोक्यावर घेऊन ट्रॉलीवर चढवलेल्या असतात. ती शिडीवरून मोळीसकट घसरली, कमरेतून अधू झाली, तर तिचं मासिक वेतन किती धरायचं? कुठल्याच कागदावर तिचं वेतन नाही. नियम करताना एक ओळ घालणं शक्य आहे: अर्ध्या कोयत्याची मजुरी तिची, आणि ठेकेदारामागच्या मूळ मालकाची जबाबदारी कारखान्याची. ठेकेदाराच्या माणसाची भरपाई मूळ मालकाकडून मागता येते हे तर १९२३ पासून कायद्यात आहेच.

मुंबईच्या गिरण्यांतल्या सुमारे ५,५०० कामगारांनी १८८४ मध्ये एक निवेदन दिलं होतं. नारायण मेघाजी लोखंडे पुढे होते. महात्मा फुल्यांचे सहकारी, ज्या सत्यशोधक विचाराला पुढं शाहू महाराजांनी कोल्हापुरात आसरा दिला त्याच विचाराचे. आपल्याला त्यातली रविवारच्या सुट्टीची मागणी आठवते, कारण ती १८९० मध्ये मिळाली. त्याच निवेदनात आणखी एक मागणी होती. कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा, आणि जन्माचा अधू झाला तर त्याच्या पोटापाण्याची सोय व्हावी. पूर्ण पगार, असा शब्द होता त्यांचा. ज्या वर्षी जर्मनीनं कायदा केला त्याच वर्षी आपल्या माणसांनी ही मागणी केली होती, म्हणजे ही कल्पना बाहेरून आणलेली आहे असंही कुणाला म्हणता येणार नाही. तिला कायद्याचं रूप मिळायला ३९ वर्षं लागली आणि मिळालं तेव्हा ‘पूर्ण’ हा शब्द त्यातून गळला होता.

संहिता हा सांगाडा आहे. पगाराची मर्यादा किती, हे अधिसूचना ठरवते. बाकीचा तपशील नियम भरतात. विम्याच्या सक्तीसाठी एक दुरुस्ती लागेल. मर्यादा काढून टाकावी, निदान ती दरवर्षी महागाईबरोबर आपोआप वाढावी. भरपाईपुरता ओव्हरटाइम वेतनात धरावा. एक माणूस कामाला असला तरी विमा सक्तीचा असावा आणि छोट्यांसाठी तो धंदेवार गटानं काढायची सोय असावी. या मागण्या कामगार संघटनांच्या आहेत तितक्याच उद्यमनगरातल्या मालकांच्याही असायला हव्यात. घर गहाण ठेवलेला तो मालक आज माझ्याशी या बाबतीत एकमत आहे. दोघांनी एका कागदावर सह्या करून तो मुंबईला आणि दिल्लीला पाठवावा असं मला वाटतं, आणि तसा मसुदा लिहायला मी तयार आहे.

तीन बोटं गेलेला आमचा तो वॉचमन मला अजून भेटतो. सही डाव्या हातानं करतो, आता सवय झाली आहे. गेल्या दिवाळीत त्यानं विचारलं, “अण्णा, ती लांबट वही असंल का वो कुठं?” दावा करायची जुन्या कायद्यातली दोन वर्षांची मुदत केव्हाच उलटून गेली, हे मी त्याला सांगितलं. वही वर्ष संपलं की भट्टीत जात असे, हेही सांगितलं. मग मी त्याला त्या रात्रीचे त्याचे तास सांगितले, ते मला तोंडपाठ आहेत: दुपारी बारा ते रात्री दहा वाजून वीस मिनिटं.